व्यापारी हेतूची बॅटरी

ग्राहक आयोगात तक्रार करायला वकील लागत नाही. मी स्वतः वकील असून हे लिहितोय, म्हणजे यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. काय घेतलं, किती पैसे मोजले, काय बिघडलं हे आपल्या भाषेत लिहायचं, बिल जोडायचं, प्रतिज्ञापत्र करायचं आणि तारखेला उभं राहायचं. १९८६ चा मूळ ग्राहक संरक्षण कायदा याच कल्पनेतून आला. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्याचाही आग्रह हाच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य. मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत, लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असं कलम ३८ सांगतं.

मग मधे आम्ही आलो. आमच्याबरोबर वकीलपत्र आलं, प्राथमिक हरकती आल्या, 'सदरची तक्रार कायद्याने चालण्यास पात्र नाही' हे वाक्य आलं आणि पाठोपाठ मुदतीचा अर्ज आला. मी सोलापुरात वकिली करतो. ग्राहकाच्या बाजूने क्वचित, समोरच्या बाजूने जास्त. विमा कंपन्या, दुकानदार, एखाददुसरा बिल्डर. वेळेवर फी देणारे लोक त्या बाजूला असतात, यात माझ्या तत्त्वांचा काही संबंध नाही. त्यामुळे स्वतःच्या नावापुढे 'तक्रारदार' असं टाइप करायची वेळ आली, तेव्हा माझा कारकूनसुद्धा दोनदा विचारून गेला, "साहेब, नावं उलटी-पालटी झाली नाहीत ना?"

भांडण इन्व्हर्टरच्या बॅटरीचं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा सोलापुरात इन्व्हर्टरला कोणी चैन म्हणत नाही. रात्री वीज गेली की गल्लीतले सगळे गच्चीवर जातात, आणि गच्चीची फरशी दिवसभराचं ऊन साठवून वाटच बघत असते. बॅटरी ट्युब्युलर, १५० एएचची, साडेसोळा हजारांची. वॉरंटी कार्डावर पुढच्या बाजूला ठळक आकडा: ५४ महिने. मागच्या बाजूला भिंगातून दिसेल अशा अक्षरात: पहिले ३६ महिने बदलून, पुढचे १८ महिने प्रो-राटा. प्रो-राटा म्हणजे बॅटरी गेली तर नवीन बॅटरी तुम्हीच विकत घ्यायची, फक्त छापील किमतीवर थोडी सूट मिळते. छापील किमतीला सोलापुरात बॅटरी कोणीच घेत नाही. म्हणजे ती सूट धरून जो आकडा येतो, तेवढ्यात शेजारच्या दुकानात वॉरंटी वगैरे न दाखवता नवी बॅटरी मिळते. ही योजना ज्याने आखली तो माणूस मला भेटायला हवा. उत्तम वकील झाला असता.

माझी बॅटरी तिसऱ्या वर्षात बसली, म्हणजे ३६ महिन्यांच्या आतच. कंपनीचा मेकॅनिक आला. त्याने आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर एकेका सेलमध्ये बुडवला, कागदावर सहा आकडे लिहिले आणि म्हणाला, "पाच सेल चांगले हायेत साहेब. एक गेलाय. मॅन्युफॅक्चरिंगचाच हाय, पण ते मी लिहीत नाही." त्याने लिहिलं नाही, पण आकडे लिहिले. तो जॉब कार्डाचा कागद मी त्याच्या देखत मोबाइलमध्ये टिपून घेतला. पुढे सगळा खटला त्या कागदावर उभा राहिला.

आठवड्याने कंपनीचं उत्तर आलं: डिस्टिल्ड वॉटर वेळेवर भरलेलं नाही, ग्राहकाचा निष्काळजीपणा, शिवाय वॉरंटी कार्डावर विक्रेत्याचा शिक्का नाही, सबब दावा नामंजूर. पाणी भरलं नसतं तर सहाही सेल कोरडे पडले असते. एकाच सेलला तहान लागते असं नसतं. आणि शिक्का मारायचं काम विक्रेत्याचं. विक्रेत्याकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, हात जोडले. "कंपनीनं नाही म्हणलंय साहेब, आमच्या हातात काय हाय? तुम्हाला तर सगळं म्हाईत हाय." बिलाच्या तळाशी छापलं होतं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. तरी ते वाक्य अजून छापलं जातं. छापखान्यात ब्लॉक तयारच असतो.

आधी १९१५ वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिला न्यायालयाचे अधिकार नाहीत. ती तुमचं म्हणणं कंपनीपर्यंत पोचवते आणि कंपनीचं तुमच्यापर्यंत. बऱ्याच तक्रारी एवढ्यावर मिटतात, म्हणून आधी ते करावं. माझी मिटली नाही. मग नोटीस काढायला बसलो. तक्रारीआधी नोटीस पाठवलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण वकिलाला नोटीस न काढता राहवत नाही. सौ. चहा ठेवायला आली आणि खांद्यावरून वाचत म्हणाली, "अहो, हे काय? 'आमचे अशिलांच्या सूचनेवरून कळविण्यात येते की.' अशील कोण यात?" ते वाक्य खोडलं. नोटिशीला उत्तर आलं नाही.

तक्रार लिहिताना एक परिच्छेद लिहून काढून टाकला, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१९ च्या कायद्याने 'अनुचित करार' अशी नवी चीज आणली. एका बाजूलाच झुकलेल्या, ग्राहकाला बांधून टाकणाऱ्या अटी. माझ्या वॉरंटी कार्डाची मागची बाजू त्याचा उत्तम नमुना होती. चांगली दोन पानं लिहिली. मग कलम ४७ आठवलं. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगात न्यावी लागते. म्हणजे साडेसोळा हजारांच्या बॅटरीमागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवायचं असेल तर थेट राज्य आयोग. बारीक अक्षरं लिहिणाऱ्यांना हे कलम वाचून किती बरं वाटलं असेल! तो परिच्छेद गेला, 'सेवेतील त्रुटी' आणि 'सदोष माल' एवढंच ठेवलं.

अधिकारक्षेत्राचं मात्र आता सोपं झालंय. कार्डावर लिहिलं होतं की कोणताही वाद झाल्यास दिल्ली न्यायक्षेत्र. जुन्या कायद्यात समोरचा कुठे राहतो, व्यवहार कुठे झाला हे बघावं लागायचं. आता कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार करता येते. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे, आणि तीही दिलेल्या किमतीवर मोजायची, मागितलेल्या भरपाईवर नाही. पूर्वी लोक भरपाई फुगवून थेट वरच्या आयोगात जायचे, ते बंद झालं. दाखल करायचं तेही ऑनलाइन होतं. आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती. बिल, कार्ड, जॉब कार्ड, कंपनीचा ईमेल, नोटीस, प्रतिज्ञापत्र. स्कॅन नीट वाचता येईल असा करा, एवढीच सूचना. माझ्या कारकुनाने बिल आडवं स्कॅन केलं होतं.

तक्रार दाखल झाली, नोटिसा निघाल्या. कंपनीकडून उभा राहिला तो आमच्याच बारमधला, म्हणजे वकील संघातला, एक तरुण वकील. चुणचुणीत पोरगा. मला बघून ओशाळला. "सर, वाईट नका वाटून घेऊ, ब्रीफ आलं." मी म्हटलं, "फी आधी घेतलीस ना? मग झालं." लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलंय की ४५ दिवसांच्या पुढे आयोगालाही एक दिवस वाढवून देता येत नाही. हा निकाल येण्याआधी आम्ही कंपनीवाले वर्षभर म्हणणं न देता काढायचो. पोराने मुदत अगदी काठापर्यंत वापरली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, त्यामुळे रागावता येईना.

म्हणणं वाचलं आणि हसू आलं. पहिलीच हरकत: 'तक्रारदार व्यवसायाने वकील असून त्यांचे कार्यालय राहते घरीच आहे. सदर बॅटरीचा वापर कार्यालयातील पंखा, दिवे व संगणकासाठी होत असल्याने ती व्यापारी हेतूने खरेदी केली आहे. सबब तक्रारदार हे कायद्याच्या व्याख्येनुसार ग्राहक नाहीत.' हे वाक्य मी ओळखतो. पॉवरलूमचा सुटा भाग घेतलेल्या पूर्व भागातल्या एका माणसाविरुद्ध मी ते लिहिलं होतं. पीठगिरणीच्या मोटारीविरुद्धही. शब्द तेच, क्रम तोच, 'सबब'सुद्धा त्याच जागी. बारमध्ये मसुदे असे फिरत असतात.

व्याख्या अशी आहे: पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने घेणारा ग्राहक नाही. पण लगेच खाली खुलासा आहे की स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेली, स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या १९९५ च्या निकालात सांगितलंय की हेतू व्यापारी की नाही हा प्रत्येक प्रकरणातल्या वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. लोकांना ही हरकत वाचून धडकी भरते. शिवणयंत्र घेतलेली बाई, रिक्षा घेतलेला माणूस, झेरॉक्स मशीन घेतलेला पोरगा, सगळ्यांना वाटतं की आपण यातून पैसे कमावतो म्हणजे संपलं. तसं नाही. तक्रारीतच एक ओळ लिहायची: ही वस्तू मी स्वतः वापरतो, माझा चरितार्थ यावर चालतो. मी ती लिहिली होती, कारण समोरून काय येणार हे मला पाठ होतं.

दुसरी हरकत मुदतीची. तक्रार दोन वर्षांत करायची असते आणि बॅटरी घेऊन दोन वर्षं उलटली होती. पण दोन वर्षं तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजायची. इथे कारण घडलं ते बॅटरी बसल्यावर आणि कंपनीने नकार दिल्यावर. तसं नसतं तर तीन वर्षांची वॉरंटी देऊन दोन वर्षांनंतर खुशाल हात वर करता आले असते. तिसरी हरकत मला सर्वांत आवडली: 'तक्रारदारांस कायद्याचे ज्ञान असल्याने ते कायद्याचा गैरवापर करीत आहेत.' फ्रेम करून ऑफिसात लावण्यासारखी आहे.

तारखेला पुकारा होईपर्यंत मी बाहेर बाकड्यावर बसायचो. वकील म्हणून गेलो की बाररूममध्ये बसतो, पुकारा झाल्यावर कारकून बोलवायला येतो. तक्रारदाराला बाकडं. तिथे मोहोळकडची एक बाई यायची. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, फेरफार, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला. नवरा शेतात अपघाताने गेलेला. शेतकरी अपघात विम्याचा जुना दावा, दोन लाखांचा. कंपनीने व्हिसेरा अहवाल, म्हणजे मृताच्या अवयवांच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, नाही म्हणून नाकारलेला. ही योजना आता विमा कंपन्यांकडून काढून घेतलीय. २०२३ पासून सरकार स्वतः सानुग्रह अनुदान देतं. पण आधीचे दावे आधीच्याच रुळावर आहेत. तिच्या बाजूने निकाल होऊन गेला होता, आता वसुलीसाठी यायची. आदेश पाळला नाही तर कलम ७२ प्रमाणे एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार दंड होऊ शकतो. हे कलम बाहेर काढलं की कंपन्यांना एकदम पत्ता सापडतो, बँक खातं सापडतं. तिच्या वकिलाने अर्ज दिलाच होता, माझं काही काम नव्हतं. तिने मला विचारलं, "तुमचा कोण गेला ओ?" मी म्हटलं, "बॅटरी." ती हसली नाही. "किती हजाराची?" तिने विचारलं. मी सांगितलं. "मग सोडू नका," म्हणाली.

असल्या दावा नाकारणाऱ्या पत्रांवर मी सही करत नाही, पण त्यांच्या बचावाचे मसुदे करतो. 'व्हिसेरा अहवाल हा महत्त्वाचा पुरावा असून तो दाखल नाही.' बाकड्यावर ते वाक्य वेगळं ऐकू येतं, एवढंच म्हणतो. ब्रीफ पुढेही घेणारच आहे.

त्या दिवसांत बाररूममध्ये सगळा विषय निवडणुकीचा. सोलापूर महापालिकेवर मार्च २०२२ मध्ये प्रशासक आला, त्यानंतर वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते. लोकांना शिव्या द्यायला माणूस मिळेना. ज्येष्ठ वकील म्हणाले, "तुझी बॅटरी सोड रे. ११७ टीएमसीचं उजनी धरण भरतं आणि इथे नळाला काही दिवसांआड पाणी. याच्यावर टाक की ग्राहक तक्रार." मी म्हटलं, सर, सरकारी संस्था फी घेऊन सेवा देत असेल तर ती कायद्यात येते, हे १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या निकालाने ठरलंय. पाणीपट्टीवर वाद घालता येईल. पण नुसता कर भरणारा ग्राहक नसतो. कर म्हणजे किंमत नव्हे. "आणि मत देणारा?" तो तर मुळीच नाही. जाहीरनाम्यातली आश्वासनं हा भ्रष्ट आचार ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात सांगितलं. निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं आणि विषय मिटला. बॅटरीवाला निदान ३६ महिने तरी म्हणतो. निवडून आलेल्याला ६० महिने, आणि प्रो-राटा काही नाही. सर म्हणाले, "तू लै बोलतोयस, तिकीट मागायचा विचार हाय काय बे?"

तर बॅटरी. कंपनीने अर्ज दिला की सदोष आहे हे तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय ठरणार नाही, माल प्रयोगशाळेत पाठवा. तशी तरतूद आहे. फी मात्र तक्रारदाराने भरायची, आणि पन्नासेक किलोची, आम्लाने भरलेली पेटी पाठवायची म्हणजे कुरिअरवाले आधीच हात वर करतात. साडेसोळा हजारांसाठी तपासणीचा खर्च किती जाईल याचा अंदाज आला की बरेच तक्रारदार इथेच गळतात. हा अर्ज सत्यासाठी कमी आणि गळतीसाठी जास्त असतो. मी स्वतः दिलेले असे अर्ज आठवून सांगतो. मी मेकॅनिकचं जॉब कार्ड पुढे केलं. तपासणी तुमच्याच माणसाने, तुमच्याच यंत्राने केली, सहा सेलचे सहा आकडे लिहिले, पाच एका पातळीत, एक तळाला. यापुढे तज्ज्ञ कशाला? कंपनीकडे त्या कागदाला उत्तर नव्हतं, कारण मूळ प्रत त्यांनी दाखलच केली नव्हती. म्हणून सांगतो, मेकॅनिक जे काही लिहील त्याचा फोटो तिथल्या तिथे काढा. तो गेल्यावर तो कागद पुन्हा दिसत नाही.

मध्येच मध्यस्थीलाही बसलो. व्हिडिओवर कंपनीचा अधिकारी, टाय वगैरे घालून. नव्या बॅटरीवर ३० टक्के सूट देऊ म्हणाला. कशावर, छापील किमतीवर? "ऑफकोर्स सर." नमस्कार केला.

युक्तिवादाला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पोराने व्यापारी हेतू काढला. अध्यक्षांनी विचारलं, वकिली हा व्यापार आहे असं तुमचं म्हणणं आहे का? पोरगा बिचारा माझ्याकडे बघायला लागला. हो म्हणावं तर संध्याकाळी बारमध्ये चहा मिळणार नाही, नाही म्हणावं तर हरकत गेली. "लेखी म्हणण्यावर विसंबून," एवढं बोलून खाली बसला. गुण आहेत त्याच्यात.

निकाल माझ्या बाजूने. नवी बॅटरी, किंवा किंमत व्याजासह परत. मानसिक त्रास आणि खर्चापोटी काही हजार. मानसिक त्रासाच्या नुकसानभरपाईत एक रात्रीची झोपही विकत येत नाही, पण मागत राहावी. अपिलाला ४५ दिवस असतात आणि कंपनीला अपील करायचं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. या एका अटीमुळे छोट्या रकमांची बरीच अपिलं होतच नाहीत. कंपनीने पैसे जमा केले.

पुढच्या महिन्यात तो विक्रेता ऑफिसात आला. शेंगाचटणीचा पुडा, हातात फाइल. मला वाटलं, त्याच्यावर कंपनीने काही ढकललं. तर दुकानात शॉर्टसर्किट होऊन माल जळालेला, विमा कंपनीने दावा नाकारलेला. "साहेब, आम्ही तर व्यापारी. आमचं ग्राहकमध्ये चालत नाही ना?" मी सांगितलं, चालतं. नुकसानीपासून बचावासाठी घेतलेला विमा व्यापाऱ्याने घेतला म्हणून आपोआप व्यापारी हेतूचा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हर्सोलिया मोटर्सच्या निकालात सांगितलंय. सर्व्हेअरचा अहवाल आण, पॉलिसीची पूर्ण प्रत आण, अग्निशमनचा दाखला आण. आणि वकील लागतोच असं नाही, हेही सांगितलं.

"असं कसं साहेब. तुम्हीच बघा."

फी सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि समजा तुम्ही केस नीट नाही चालवली तर? तुमच्यावर बी ग्राहकमध्ये जाता येतंय का?"

नाही येत. १४ मे २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. डॉक्टर १९९५ पासून या कायद्यात आहेत, वकील नाहीत. कारण अशिलाचं वकिलावर थेट नियंत्रण असतं, असं न्यायालय म्हणतं. माझ्या अशिलांना अजून याची कल्पना दिलेली नाही. याला दिली. त्याने मान हलवली, खिशातून पाकीट काढलं, नोटा मोजून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "पावती द्या साहेब."

मी कारकुनाला पावतीपुस्तक शोधायला सांगितलं. तो म्हणाला, "कुठलं पावतीपुस्तक?"